निरोपाचं मागणं

सर, काल तुमच्या नावाच्या सभागृहाचं उद्घाटन झालं. दाराच्या वर तुमचा मोठा फोटो लावलाय, पण तो फेट्यातला आहे, तुमच्या निरोपाच्या दिवशीचा. एवढ्या वर्षांत दुसरा फोटो कोणाला सापडला नाही, किंवा शोधायची गरज वाटली नाही. नव्या पोरांना आता वाटणार की हे प्राचार्य बारा महिने फेटा बांधूनच हिंडत असावेत. फोटोत तुमच्या तोंडापुढे माइक आहे आणि माइक धरलेला एक हात आहे. तो हात माझा. फोटो कापताना बाकीची मी गेले, हात तेवढा राहिला.

मला बोलावलं होतं. पत्रिकेत माझ्या नावाखाली छापलं होतं, 'प्राचार्यांनी घडवलेल्या प्राध्यापिका'. हसू नका. तुम्ही खरोखर ज्यांना घडवलंत ते सगळे पुण्याला मुलांकडे जाऊन राहिलेत. एकानं व्हिडिओवरून शुभेच्छा दिल्या, त्यात त्याचं तोंड हललं, आवाज आलाच नाही, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कुरुंद्याला असते, गाडी पाठवली की येण्यासारखी, म्हणून मी. मी प्राध्यापिका नाही, नवऱ्याबरोबर हळदीची चक्की चालवते, हे मी फोनवर सांगितलं, तर समोरून उत्तर आलं की मॅडम, पत्रिका छापून झाली. आपल्याकडे छापलेलं खरं धरतात, तेव्हा काल दिवसभर मी प्राध्यापिका होते.

तुम्ही चांगले होता, हीच माझी अडचण आहे. वाईट असता तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेले असते. कळमनुरीकडच्या तांड्यावरून आलेली मी, घरातली पहिली एम. ए., तासिकेवर लागले. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढीच नोकरी, उन्हाळ्यात घरी, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याचा घोर. पहिल्याच आठवड्यात जीप उशिरा आली आणि मी धापा टाकत वर्गावर पोचले, तर दारात तुम्ही उभे. सगळ्या पोरांसमोर म्हणालात, "मॅडम, वर्ग तुमची वाट पाहून राहिला, तुमी जीपची वाट पाहून राहिल्या. जीपला न्हाई लाज, आपल्याला तर पाहिजे." मागच्या बाकावरचे फिदीफिदी हसले. मी तो तास कसा घेतला ते मलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक पाहते तर माझा पहिला तास उचलून तिसरा केलेला, आणि त्या जागी तुम्ही स्वतःचं नाव लिहिलेलं. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. अपमान चारचौघांत करायचा आणि उपकार गुपचूप, अशी तुमची रीत. उलटं केलं असतं तर माझं जरा सोपं झालं असतं.

ग्रंथालयामागची ती खोली आठवते का? मोडकी बाकं काढून तुम्ही तिथं टेबल टाकलंत आणि ज्याची पीएच. डी. अडली असेल त्याला आत बसवायला लागलात. त्याचे तास दुसऱ्यांत वाटून द्यायचे, परीक्षेच्या कामातून नाव काढायचे, विद्यापीठात त्याच्यासाठी स्वतः हेलपाटे मारायचे. कॉलेजात त्या खोलीला बाळंतिणीची खोली म्हणायचे, कारण प्रबंध बाहेर आल्याशिवाय आतला माणूस बाहेर येत नसे. भूगोलवाले तिथंच डॉक्टर झाले, इतिहासवाले झाले, उपप्राचार्य झाले, आणि शेवटी मी. दुपारी तुमच्या घरून डबा यायचा. काकू त्यात ठेचा वेगळा बांधून द्यायच्या, चिठ्ठी नसली तरी कळायचं की हा माझ्यासाठी, कारण बाकी कोणाला तो सोसत नसे. मी डॉक्टर झाले त्या दिवशी तुम्ही मला ऑफिसात बोलावून म्हणालात, "आता तुझी ऑर्डर. तेवढी झाली की मी सुटलो."

आणि कायम नोकरीची ऑर्डर कशी मिळवायची तेही तुम्ही ठरवून ठेवलं होतं. आपल्या संस्थेत निरोपाचं मागणं असे. निवृत्त होणारा माणूस सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिला की शेवटी अध्यक्ष भर सभेत विचारत, "काय मागता?" एकच गोष्ट मागायची, आणि अध्यक्षांनी स्टेजवरून नाही म्हणायचं नाही. पाण्याची टाकी अशीच आली, मुलींसाठी खोली अशीच झाली, एका शिपायानं मेहुण्याला चिकटवलं तेही असंच. ऑफिसात वर्षानुवर्षं सडलेलं काम सभेत चुटकीसरशी होई, कारण गावासमोर अध्यक्षांना मोठं दिसायचं असे. लोक आपलं मागणं वर्षंवर्षं जपून ठेवत. तुम्ही माझ्यासाठी ठेवलं होतं. निरोपाच्या आठवडाभर आधी तुम्ही एक पुडी माझ्या हातात दिलीत. उघडली तर रबरी शिक्का. वर माझं नाव, खाली सहायक प्राध्यापक, मराठी विभाग. हिंगोलीहून करून आणला होतात. म्हणालात, "शिक्का झाला. आता बोलायचंच तेवढं बाकी हाय."

मी त्या रविवारी तांड्यावर गेले आणि माझ्या वडिलांना, बापूंना, सांगून बसले. सांगायला नको होतं का? तुमचा शब्द असताना मी न सांगता राहिले असते, तर तो तुमचा अपमान झाला असता. बापू पांढरं धोतर नेसून, नवी टोपी घालून तुमच्या निरोपाला आले. येताना कळमनुरीच्या स्टँडवरून पेढे घेऊन आले. मी त्यांना पुढं बसा म्हटलं तर म्हणाले, "आमी मागंच बरे. तुझं नाव घेतलं की मी उठून उभा राहीन, तुला दिसंल." आणि ते शेवटच्या रांगेत, पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसले.

सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. ते तासिकेवाल्यांकडंच असतं, कायम झालेले खुर्च्यांवर बसतात. तुम्हाला आणि काकूंना पाटावर उभं करून भरपेहराव आहेर झाला, फेटा बांधला, आणि भाषणं सुरू झाली. भूगोलवाल्यांनी तुम्हाला वटवृक्ष केलं. इतिहासवाल्यांनी दीपस्तंभ केलं. उपप्राचार्य म्हणाले की तुम्ही परीस, आम्ही लोखंड, आणि स्वतःच्या वाक्यावर स्वतःच रडले. मी तुमच्याकडं पाहत होते. पहिल्या भाषणात तुम्ही हातानं नको, नको करत होता. दुसऱ्यात हात मांडीवर आला. उपप्राचार्यांच्या वेळेपर्यंत तुम्ही डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ऐकत होता, एखादा माणूस डोकं चेपून घेतो तसे. मला तेव्हाही ते दिसलं होतं, सर. मला वाटलं, असू द्या, एवढं केलंय त्यांनी, दोन घटका ऐकून घेऊ द्या.

मग तुम्ही उठलात. माइकच्या दांड्याचा स्क्रू ढिला होता, माइक सारखा खाली मान टाकायचा, म्हणून मी तो हातानं तुमच्या तोंडापुढं धरून उभी राहिले. तुमच्या श्वासाचा आवाज मला स्पीकरमधून एकदा आणि तुमच्या तोंडून एकदा ऐकू येतो. तुम्ही आईबद्दल बोलता, शाळेला अनवाणी जायचात ते सांगता, सगळ्यांचे आभार मानता. अध्यक्ष उठून तुमच्याजवळ येतात. अध्यक्ष विचारतात, "सर, काय मागता? आज जे मागाल ते." मागच्या रांगेत बापू अर्धे उठलेत, हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. तुम्ही डोळे पुसता आणि म्हणता, "काय मागू? सगळं भरून पावलं. काही नको."

टाळ्या थांबेनात. लोक उठून उभे राहिले, त्यामुळं बापूही उभे दिसले, टाळ्या वाजवताना. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पुन्हा कधी पाहिला नाही, देण्यापेक्षा न देता मोठं दिसणं केव्हाही बरं. ते माइक माझ्या हातातून ओढून घेत म्हणाले, "याला म्हणतात निःस्वार्थ माणूस!" मग माइक परत माझ्याकडं आला. कार्यक्रमपत्रिकेवर पुढं आभारप्रदर्शन होतं. मी म्हणाले, "यानंतर आभारप्रदर्शन." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याबद्दल मात्र मला कोणी वटवृक्ष म्हटलं नाही.

तुम्हाला फुलांच्या जीपमधून वाजतगाजत घरी नेलं. बापूंना वाटलं, ऑर्डरचं बोलणं आत ऑफिसात झालं असेल, मोठ्या लोकांचं काय सांगावं. त्यांनी तुमच्या अंगणात पेढे तुमच्या हातावर ठेवले, "सर, तोंड गोड करा," आणि तुम्ही एक खाल्लात, आणि उरलेला पुडा आत पाठवलात. मी स्वयंपाकघरात काकूंबरोबर भजी तळत होते. काकूंनी पुडा उघडला. "हे कोणी आणले गं?" मी म्हटलं, बापूंनी. काकूंचा चेहरा फुलला. "झालं वाटतं पोरीचं! बोलले ना बराबर? आहेरानंतर मला मागं बायांच्या गोंधळात काही ऐकूच आलं न्हाई बघ." तेवढ्यात तुम्ही दारात आलात, फेट्यासकट. आणि मला विचारलंत, "कसं झालं गं माझं भाषण?"

मी म्हटलं, "छान झालं, सर."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग तुमच्याकडं. झारा तसाच हातात. म्हणाल्या, "अहो, पोरीचं मागितलं ना तुमी?" तुमचा हात फेट्याकडं गेला. तुम्ही तो काढला नाहीत, नुसता चाचपलात. आणि म्हणालात, "अरे, राहिलंच की ते."

राहिलंच की ते. बाजारातून कोथिंबीर आणायची राहावी, तसं. मी एवढी वर्षं ते तीन शब्द वेगवेगळ्या आवाजात म्हणून पाहिलेत. कधी चक्कीच्या आवाजात मोठ्यानंही म्हणते, कोणाला ऐकू जात नाही. कुठल्याच आवाजात ते बरे लागत नाहीत. काकूंनी त्या दिवशी तुम्हाला काय म्हटलं ते मी सांगत नाही, तुम्ही तिथंच होता. भजी मात्र करपली, आणि बाहेरच्या लोकांनी ती करपलेली भजी तुमचं कौतुक करत खाल्ली.

त्यानंतर तुम्ही अध्यक्षांच्या घरी खेटे घालायला लागलात, हे मला ठाऊक आहे. दर सोमवारी. जो माणूस तुमची जीप आली की फाटकापर्यंत यायचा, त्यानं तुम्हाला ओसरीवर बसवून ठेवलं. आतून निरोप यायचा, साहेब पूजेत आहेत. साहेबांची पूजा फार वाढली त्या वर्षी. शेवटी एकदा ते बाहेर आले आणि म्हणाले, "सर, त्या दिवशी मी विचारलं व्हतं की. तुमीच काही नको म्हणले." खोटं नव्हतं त्यात काही. जूनमध्ये माझी जागा त्यांच्या भाचीला गेली, आणि तिला बाळंतिणीच्या खोलीत मीच बसवून प्रबंधाची प्रकरणं समजावून दिली, कारण तुमची परंपरा चालू राहायला हवी होती.

तुम्ही शेवटचे माझ्याकडं आलात ते उन्हाचे. मी आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावला खोली घेऊन राहत होते, तिथल्या दुसऱ्या एका कॉलेजात तासिकेवर. पाणी दिलं, तुम्ही घोट घेतलात, आणि म्हणालात, "अध्यक्ष बघू म्हणलेत." चेहऱ्यावर तोच उत्साह, शिक्का देतानाचा. मी म्हटलं, "सर, खुर्ची होती तेव्हा ते तुम्हाला हो म्हणायचे. आता बघू म्हणतात. तुमची किंमत त्या दिवशी टाळ्यांत संपली." तुम्ही उरलेलं पाणी पिऊन पेला पालथा ठेवलात आणि उन्हात निघून गेलात. पुढच्या थंडीत तुम्ही गेल्याचं कळलं. लोक म्हणतात, शेवटचं बोललेलं माणसाला जन्मभर टोचतं. मला नाही टोचत. ते वाक्य मी आजही परत घेत नाही. खरं बोलले होते, आणि तुम्हीच मला वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की खरं असेल तर चारचौघांत बोलावं. मी तर एकट्यात बोलले. तुमच्या शोकसभेला मी आले होते, मागच्या रांगेत, बापू बसले होते साधारण तिथंच. तिथंही तुम्ही दीपस्तंभ झालात.

मग लग्न झालं, कुरुंदा आलं, हळद आली. हळद उकडायच्या दिवसांत अंगणात वाफेनं माणूस माणसाला दिसत नाही, आणि मला ते दिवस आवडतात. शिक्का अजून आहे. एकदा माझ्या लेकरानं तो शाई लावून सगळ्या भिंतीवर उमटवला, खालपासून त्याचा हात पुरेल तिथवर मी सहायक प्राध्यापक होते. मारायला हात उचलला आणि हसत सुटले. पुढच्या दिवाळीला चुना दिला.

आता कालचं. गाडीतून मला न्यायला एक मुलगी आली होती, मराठी विभागातलीच, तासिकेवरची, कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही तिच्याकडंच. रस्ताभर चुळबुळत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, अध्यक्ष तुमाला इचारतील, काय मागता म्हणून. आता पाहुण्यांना बी इचारतात." मी विचारलं, असं काहून? तर म्हणाली, "कायमचे लोकच उरले न्हाईत ना मॅडम. निवृत्त कोण होणार?" मग खिडकीकडं पाहत म्हणाली, "माझं तेवढं बोलता का? लई वर्षं झाली. घरचे आता हसून राहिलेत." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शब्द देण्याची चैन तुम्हाला परवडायची.

शाल घातली, नारळ दिला, मलाही वटवृक्षाची एक फांदी वगैरे म्हणून झालं. मी मुद्दाम वाट पाहत होते, सर. म्हटलं, आता कळेल, टाळ्या ऐकताना माणूस कसा विसरतो. मी नाही विसरले. शाल टोचत होती, समोर ती पोरगी हातातला कागद चुरगळत उभी होती, आणि सगळं मला स्वच्छ दिसत होतं. जुन्या अध्यक्षांचा मुलगा आता अध्यक्ष आहे. त्यानं विचारलं, "मॅडम, काय मागता?" मी म्हटलं, "या पोरीला पूर्णवेळ घ्या." त्यानं एकदा लोकांकडं पाहिलं आणि म्हणाला, "घेतली." हेडक्लार्कला तिथूनच हाक मारली, "उद्या ऑर्डर काढा." संपलं. एवढंच लागतं, सर. एक वाक्य. तुमच्या अनवाणी शाळेपेक्षा पुष्कळ छोटं.

लोक टाळ्या वाजवत होते आणि ती पोरगी माइकवर रडत होती. मला आनंद झाला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखलंच नाहीत. तो अध्यक्ष तोंड उघडायच्या आत मी मनात म्हणत होते, नाही म्हण, मेल्या, नाही म्हण. मला जे मिळालं नाही ते तिला इतक्या सहज मिळायला नको होतं. बापू असते तर शेवटच्या रांगेतून उठले असते, परक्या पोरीसाठीसुद्धा.

हे मी कुठं पाठवणार नाही, पाठवायला जागा नाही. काकूही गेल्या. चक्कीच्या टेबलाच्या खणात शिक्क्याशेजारी पडून राहील आणि त्याला हळदीचा वास लागेल. पण एक सांगायचं राहिलं. निघताना ती मला गाडीपर्यंत सोडायला आली, दारात तुमच्या फोटोखाली थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्यासाठी बी सरांनी असंच मागितलं असंल ना?" मी म्हटलं, "व्हय. तेच मागितलं होतं. अध्यक्षच नाही म्हणाले." ते अध्यक्षही गेलेत, भांडायला येणार नाहीत. तिनं वर पाहून तुम्हाला हात जोडले.

फार खूश होऊ नका. तुमची अब्रू राखायला मी खोटं बोलले नाही. भरल्या सभेत, माइक धरून शेजारी उभी असताना, माझ्यासारखीला कोणी विसरू शकतं, हे त्या पोरीला कळू नये असं वाटलं, एवढंच.